पिशवीतल्या कुंच्या

म्हमाणे बाईंना शब्दांची खोड होती. भुवनेश्वरी म्हमाणे हे त्यांचं पूर्ण नाव, पण सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवल्यावर ते नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. घरात बोलायचं कन्नड, शाळेत शिकवायचं मराठी, शेजारच्या विणकर पद्मशाली बायकांच्या ओट्यावर बसलं की चार तेलुगू शब्द कानावर पडायचे. एखादा शब्द कुठल्या घरून निघाला आणि कुठल्या घरी नांदायला आला, हे शोधण्यात त्यांचा जीव रमायचा. यजमान गुरुसिद्धप्पा चार वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर दिवस मोठा वाटू लागला, तशी ही खोड वाढली.

गावातल्या एका छोट्या मासिकात त्यांनी 'कुंची'वर पानभर लिहिलं होतं. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घालतात ती कुंची. कपाळापासून कान झाकत मानेमागून थेट पाठीवर उतरणारी. बाईंचं म्हणणं असं, की मानेशी ते कापड चुण्या घालून आवळलेलं असतं. 'कुंच' म्हणजे आक्रसणं, आपण 'आकुंचन' म्हणतो त्यातलंच. म्हणून ती कुंची.

पंधरा दिवसांनी अक्कलकोटहून पत्र आलं. लिहिणारे सिद्धलिंगप्पा नावाचे निवृत्त पोस्टमास्तर. 'बाई, लिंगायताच्या घरच्या असून असं कसं लिहिता? आमची आजी कुंचगी म्हणायची. कन्नडात कुंच म्हणजे झुबका. कुंचगीला मागं मानेवर गोंडा असायचा. तुमच्या मराठीनं कुंचगी आमच्याकडून नेली आणि गोंडा कापून टाकला.'

बाई आधी हसल्या. मग त्यांना चैन पडेना. एक कोश एक सांगायचा, दुसरा प्रश्नचिन्ह टाकून मोकळा व्हायचा. शेवटी त्यांनी ठरवलं, पुस्तकं पुरे. जुन्या कुंच्या जिथे असतील तिथे जाऊन डोळ्यांनी बघायचं, मानेशी चुण्या आहेत की गोंडा.

दोन महिने त्या हिंडल्या. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या बोचक्यात कुंच्या निघाल्या. चार घरांनी आठ-पंधरा दिवसांसाठी विश्वासानं दिल्याही. बाईंनी प्रत्येकीला सेफ्टी पिननं चिठ्ठी लावली: गाव, घर, तारीख. बाळांच्या डोक्यावर होत्या त्यांचे मोबाइलवर फोटो काढले. मागच्या बाजूनं, मान दिसेल असे. चाळीसएक फोटो झाले होते.

डिसेंबरातला तो दिवस. सकाळची एसटी धरून बाई अक्कलकोटला उतरल्या आणि तिथून मैंदर्गीकडची वडापची, सीट भरून चालणारी जीप धरली. मैंदर्गीच्या चंद्रव्वानं, जिनं एक कुंची दिली होती तिनंच, सांगितलं होतं, "कोळेकरवस्तीवर केराबाईकडं जा. तिच्या नातवाच्या डोक्यावर सासूच्या हातची कुंचगी हाय."

जीपमध्ये बाईंच्या शेजारी एक पोरसवदा बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. बाईंनी सवयीनं विचारलं, "किती महिन्यांचं?"

तिनं मूल उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि पदर ओढला.

पुढच्या सीटवर ड्रायव्हरशी एक जण बोलत होता. "टोळी उतरलीया म्हनं. पलीकडच्या तालुक्यात दोगं घावली काल. व्हिडिओ आलाय, बघितला की न्हाय?"

"बघितला की. बायाबी हायेत त्यात. म्हाताऱ्या. गोड बोलायचं, लेकरू हातात घ्यायचं, की गायब."

बाईंच्यातली शिक्षिका जागी झाली. "अहो, असं काही नसतं. कुठले तरी जुने व्हिडिओ असतात ते. लोक उगाच पुढं ढकलतात."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "तुमाला कसं म्हाईत?"

बाईंना जाणवलं की मागच्या सीटवरचा माणूस त्यांच्या पिशवीकडे बघतोय. का कोण जाणे, त्यांनी पिशवी जवळ ओढली. ते करायला नको होतं, हे त्यांना पुढं अनेकदा आठवलं.

कोळेकरवस्ती फाट्यापासून पाव कोसावर. पंधरा-वीस घरं, भोवती कमरेला आलेली ज्वारी. मेंढरं घेऊन बरेचसे पुरुष बाहेर गेलेले. केराबाईचं घर शेवटचं, पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. केराबाई सत्तरीची, काटक. तिचा मुलगा बिरदेव मेंढरांमागे कर्नाटकात गेला होता. घरी सून मायाक्का आणि तिचं पाच महिन्यांचं बाळ, मल्हार.

चंद्रव्वाचं नाव सांगितल्यावर केराबाईनं घोंगडं अंथरलं. "बसा की. चंद्रव्वा आमच्या लई जवळची. कुंचगी बघाय आलाय व्हय? ह्येच्यासाटी सोलापुरास्नं?" ती हसली. मायाक्का मात्र हसली नाही. ती बाळाला छातीशी धरून दारातच उभी राहिली.

"दे की गं बाईंच्याकडं," केराबाई म्हणाली.

मायाक्कानं बाळ दिलं, पण तिचा एक हात बाळाच्या पायाला धरलेलाच होता.

कुंची जुन्या, विटक्या लाल कापडाची होती. केराबाई सांगू लागली, "माज्या सासऱ्याचं मुंडासं हुतं. त्ये गेल्यावर सासूनं फाडून ही शिवली. आमच्यात आज्जाच्या मुंडाशाची कुंचगी करत्यात, म्हंजी आज्जाचा हात डोक्यावर ऱ्हातूय. बिरदेवानं घातली, त्येच्या भनींनी घातली."

बाईंनी बाळाच्या मानेखाली तळहात घातला आणि त्याला अलगद कुशीवर वळवलं. मानेशी बारीक चुण्या होत्या. त्या चुण्या एका दोरीनं ओढून आवळलेल्या, आणि दोरीचं टोक कापलेलं.

"इथं काय होतं?"

"गोंडा हुता. दोरीचाच केलेला. लेकरं तोंडात घालत्यात, म्हनून मी कापला."

बाईंच्या अंगावर शहारा आला. चुण्याही होत्या आणि गोंडाही. एकाच दोरीनं मागं कापड आक्रसलं होतं आणि त्याच दोरीच्या टोकाला झुबका फुटला होता. सिद्धलिंगप्पा खोटे नव्हते, त्याही खोट्या नव्हत्या. शब्द कुठल्या बाजूनं आला ते अजूनही कळलं नव्हतं, पण दोन्ही वाटा एकाच लेकराच्या मानेशी येऊन मिळाल्या होत्या. त्यांना इतका आनंद झाला की आजूबाजूचं भान राहिलं नाही. "असाच धरा हं, एक फोटो घेते," म्हणत त्यांनी मोबाइल काढला. बाळाची मान डाव्या तळहातावर, उजव्या हातात मोबाइल. "आणि केराबाई, ही मला आठ दिवस देता का? परत आणून देईन."

कुडापलीकडून शेजारची बाई डोकावली होती. तिनं बघितलं ते एवढंच, की अनोळखी म्हातारीनं मल्हारची मान धरलीय, त्याचा फोटो काढतीय आणि 'आठ दिवस देता का' म्हणतीय. तिचं डोकं खाली गेलं आणि पावलं पळाल्याचा आवाज आला. बाईंना तो ऐकू आला, पण कशाचा ते कळलं नाही.

पाच-सात मिनिटांतच अंगणात माणसं आली. आधी चार, मग दहा. पुढं बिभीषण, केराबाईच्या दिराचा मुलगा, तिशीतला. हातात मेंढरं वळायची काठी.

"कोन हो तुमी?"

"मी म्हमाणे. सोलापूरची. शिक्षिका होते."

"आधार कार्ड?"

"घरी राहिलं. मोबाइलमध्ये फोटो आहे त्याचा, दाखवते ना." आधार सापडेना. बिभीषणनं मोबाइल हातातून काढून घेतला आणि स्वतःच बोट फिरवू लागला. त्याचा चेहरा बदलत गेला. त्यानं मोबाइल बाकीच्यांकडे फिरवला. पाठमोरी बाळं. एक, दोन, दहा, वीस. सगळ्यांच्या माना.

"बगा रं ह्ये."

कुणीतरी पिशवी उपडी केली. पाण्याची बाटली, वही, शेंगदाण्याची पुडी, आणि चार कुंच्या. चारी छोट्या कुंच्या सारवलेल्या अंगणात पडल्या. चिठ्ठ्या लावलेल्या. गाव, घर, तारीख.

मग बिभीषणनं एक कुंची काठीच्या टोकानं उचलली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ह्यातली लेकरं कुटं हायेत?"

एकतीस वर्षं त्या वर्गात साठ-साठ मुलींसमोर आवाज चढवून बोलल्या होत्या. आता तोंडातून वाराच निघाला. "अहो, या जुन्या... मी शब्द... कुंची हा शब्द कुठून आला, ते बघते आहे मी."

"काय बगतीय?"

"शब्द."

कुणीतरी हसलं. ते हसणं वाईट होतं.

"तुमाला पोरं किती?" गर्दीतल्या एका बाईनं विचारलं.

"नाहीत मला."

हे उत्तर तोंडातून सुटताच बाईंना कळलं की आता आपलं काहीच ऐकून घेतलं जाणार नाही. त्यांनी गेल्या दोन महिन्यांत जे जे प्रेमानं, नीटनेटकं केलं होतं, ती प्रत्येक गोष्ट उलटून त्यांच्यासमोर उभी राहिली होती. भीतीनं त्यांच्या तोंडी घरची भाषा आली. त्या कन्नडात बोलू लागल्या. वस्तीवर सगळ्यांना कन्नड कळत होतं, पण मागून कुणीतरी ओरडलं, "बगा, भाषा बदलली! व्हिडिओत ह्येच सांगितलंया, भाषा बदलून बोलत्यात!"

पहिली चप्पल कुणाची लागली ते समजलं नाही. मग काठी डाव्या खांद्यावर बसली. आवाज आधी आला, दुखणं नंतर. त्या गुडघ्यावर पडल्या. कुणीतरी त्यांचे केस धरले. "झाडाला बांदा! झाडाला बांदा आदी!" असं ओरडणारा आवाज एका बाईचा होता, हे त्यांच्या लक्षात राहिलं.

"सोडा तिला! माज्या दारात आलीया ती!" केराबाईनं कधी आपली म्हातारी बोटं त्या केसांत घालून ती मूठ सोडवली, कुणास ठाऊक. तिनं बाईंना दंडाला धरून घरात ओढलं, मायाक्काला बाळासकट आत ढकललं आणि कडी लावली.

आत अंधार होता, चुलीचा वास होता. बाहेर मोटारसायकली येत होत्या. बाई एक-एक आवाज मोजत होत्या. खालच्या गावातनं माणसं येत होती. पत्र्यावर पहिला दगड पडला तेव्हा मल्हार दचकून रडायला लागला.

"कडी टिकायची न्हाय," केराबाई म्हणाली. दार खरंच आतल्या बाजूला फुगत होतं. तिनं बाईंकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. सासू-सुनेत काहीतरी न बोलता बोललं गेलं असावं, कारण मायाक्का एकदम मागे सरकली.

"न्हाय आत्या. न्हाय."

"मी वडून घेनार न्हाय. लेकरू तुजं हाय. पर तिच्या मांडीवर लेकरू असलं, तर दगड कोन टाकील?"

बाईंना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याच ओरडल्या, "नको! अहो, त्याला लागेल. मला बाहेर जाऊ द्या, काय व्हायचं ते होऊ दे."

हे बोलताना त्या रडत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना बाहेर जायचं नव्हतं.

मायाक्का खाली वाकली. वीस-बावीस वर्षांची पोर ती. तिनं बाईंची हनुवटी धरून तोंड वर केलं, एखाद्या लहान मुलाचं करावं तसं, आणि डोळ्यांत बघितलं. "खरं सांगा. कोन हाय तुमी?"

"शाळेतली बाई आहे गं मी. नुसती शाळेतली बाई."

दारावर पुन्हा धक्का बसला आणि कडीचा एक खिळा उडून खाली पडला. मग मायाक्कानंच पुढे होऊन दार उघडलं.

अंगणातली माणसं अचानक दार उघडल्यानं मागे झाली. मायाक्कानं बाईंना उंबऱ्यावर बसवलं, त्यांच्या मांडीवर मल्हारला ठेवलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला चिकटून बसली. डाव्या बाजूला केराबाई बसली.

"आता टाका दगड," केराबाई म्हणाली. "बिभीषण, तू टाक. तुज्या हातानं टाक."

बिभीषणच्या हातात काठी होती. ती त्यानं खाली केली नाही, पण उचललीही नाही. मागून माणसं ओरडत होती, "पोरगं काढून घ्या! आदी पोरगं काढा!" पण पुढं यायला कुणी धजत नव्हतं.

बाईंच्या डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. खांद्यातून आग निघत होती. उजव्या हातानं त्यांनी बाळाला धरलं होतं आणि डोकं त्याच्यावर झुकवलं होतं. एखादा दगड आलाच तर तो आपल्या टाळक्यात बसावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. आयुष्यात कुणाचं मूल इतका वेळ मांडीवर घेऊन बसायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांना त्याचा श्वास मनगटावर लागत होता. आपण हे लेकरू खाली पाडणार, मग कुणीच आपल्याला वाचवू शकणार नाही, या विचारानं त्यांचं सगळं अंग गार पडलं.

"अंजब्याड," केराबाई कुजबुजली. भिऊ नको. घरची भाषा. बाईंची आई अंधारात असंच म्हणायची.

वेळ किती गेला ते कळत नव्हतं. उन्हाचा पट्टा त्यांच्या पायापर्यंत आला. मल्हारला भूक लागली आणि तो जोरात रडू लागला.

"बगा! रडतंय पोरगं! तिनं काय तरी केलं त्येला!" गर्दी पुन्हा हलली. दोन माणसं पुढं आली.

मायाक्काचा हात बाळाकडे गेला आणि थांबला. बाळ उचललं तर बाईंची मांडी रिकामी होणार. तिनं एकदा समोर बघितलं. मग तिथंच, त्या शंभर माणसांसमोर, ती बाईंच्या मांडीवर ओणवी झाली, पदर दोघींच्या डोक्यावरून ओढला आणि बाळाला तसंच पाजायला घेतलं. पदराच्या आत सगळं लालसर दिसत होतं. मायाक्काचं कपाळ बाईंच्या कपाळाला टेकलं होतं. ती पोरही थरथर कापत होती. दोघींचं कापणं एकमेकींत मिसळून गेलं होतं, कुणाचं कुठलं ते सांगता आलं नसतं.

बाहेर आवाज खाली आला. मायाक्का लेकराला पाजत असताना पुढं यायला त्या दोघांना कसंसंच झालं असावं.

तेवढ्यात मोटारसायकलवरून रामहरी आला. तो खालच्या गावचा पोलीसपाटील. त्यानं पोलिसांना आधीच फोन केला होता. "काय चाललंय ह्ये? कुणाच्या सांगन्यावरनं?" म्हणत तो आत शिरला. बिभीषणनं त्याला मोबाइल दाखवला, कुंच्या दाखवल्या. रामहरीनं एक-एक कुंची उचलून चिठ्ठी वाचली. तिसऱ्या चिठ्ठीवर तो थांबला. "चंद्रव्वा, मैंदर्गी. केरामावशी, तुमच्या चंद्रव्वा त्या ह्याच का?"

"त्याच. लाव फोन. सगळ्यांना ऐकू जाईल असा लाव."

फोन लागायला तीनदा प्रयत्न करावा लागला. मग स्पीकरवर चंद्रव्वाचा खणखणीत आवाज आला. "व्हय, माजीच हाय ती कुंचगी! आठ दिसासाटी दिलीया! आन बाईला हात लावलासा? बाईला? तुमच्या घरात आया हायेत की न्हाईत रं?"

काहींनी माना खाली घातल्या. पण मागं कुणीतरी म्हणालंच, "ती बी टोळीतलीच असंल." आणि ते वाक्य ऐकून तीन-चार जणांनी मान हलवली. पोलिसांची जीप येईपर्यंत, आणखी वीस-पंचवीस मिनिटं, बाई त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. जीप आल्यावर मायाक्कानं बाळ उचललं, तेव्हा बाईंची बोटं त्याच्या झबल्यातून सुटेनात. एक-एक करून सोडवावी लागली. बाळानं मांडी ओली केली होती. ते त्यांना जीपमध्ये बसल्यावर कळलं.

खांद्याचं हाड चिरलं होतं. दवाखान्यात पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी फौजदार जबाब घ्यायला आले. "नावं सांगता येतील का, बाई? ओळखलं का कुणाला?"

बाईंना आदला दिवस आठवला. जीपमध्ये बसताना केराबाई दाराशी आली होती. तिनं हात जोडले नव्हते, क्षमाही मागितली नव्हती. एवढंच म्हणाली होती, "त्यो माज्या दिराचा पोरगा हाय. तुमी नाव सांगितलं तर मी अडवनार न्हाय. माराय नगं हुतं त्येनं." ती दार सोडून मागे सरकली होती, जीपला वाट करून देत.

"बिभीषण," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांची नावं मला माहीत नाहीत."

बिभीषण आणि आणखी चौघांना धरलं. महिनाभरानं जामिनावर सुटले. मायाक्काचा एकदा फोन आला. बिरदेव परत आलाय, म्हणाली. भावकी बोलत नाही, आडावर पाणी भरू देत नाही, लांबून आणते. "पर तुमाला दोस न्हाय देत आमी. आत्या रोज विचारत्यात, बाईचा खांदा बरा हाय का म्हनून." बाईंना खूप बोलायचं होतं. त्या फक्त "मल्हार बरा आहे ना?" एवढंच विचारू शकल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी दाराची कडी तपासली. दिवसातून दहादा तपासायची सवय लागली होती. चारी कुंच्या पोलिसांकडून परत आल्या, तेव्हा त्यांनी त्या टपालानं ज्याच्या त्याच्या घरी पाठवल्या. स्वतः गेल्या नाहीत.

मार्चमध्ये पट्टा निघाला आणि खांद्याच्या व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जावं लागू लागलं. असंच एकदा त्या बाकावर नंबरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक तरुण मुलगी, कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. तिला खिडकीवर बोलावलं, कागदावर सही करायची होती.

"आजी, जरा धरता का? एकच मिनिट."

"माझा खांदा दुखतो गं," बाई म्हणाल्या. ते खरंही होतं.

पलीकडे एक पन्नाशीचा माणूस बसला होता. मळकट शर्ट, पायात रबरी चपला, चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यातला असावा. हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. "द्या की ताई इकडं," म्हणत त्यानं हात पुढं केले. मुलीनं बाळ त्याच्याकडे दिलं आणि खिडकीशी गेली.

त्यानं बाळाला मांडीवर घेतलं, पाय हलवून खेळवू लागला. बाळ हसलं. त्यानं बाळाच्या मानेखाली हात घातला.

बाई बघत होत्या. त्याच्या हातांकडे बघत होत्या. मुलगी खिडकीपाशी पाठमोरी. त्याच्यापासून दार किती पावलांवर? सात. फार तर आठ. त्याच्या पायाशी एक पिशवी होती, नायलॉनची, तोंड बांधलेली. त्या पिशवीत काय असेल? तो इतका गोड का बोलतोय? त्या नकळत बाकावरून उठल्या आणि त्या माणसाच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

माणसानं वर बघितलं. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. त्याचं हसू हळूहळू मावळलं. तो बाळाला दोन्ही हातांनी, जरा लांब धरून, सगळ्यांना दिसेल असं बसला.

मुलगी परत आली, बाळ घेतलं, "थँक्यू काका" म्हणून निघून गेली.

तो माणूस अजून बाईंकडे बघत होता. ती नजर बाईंनी ओळखली. कोळेकरवस्तीच्या उंबऱ्यावर आपलेही डोळे असेच झाले असणार. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "म्हमाणे, भुवनेश्वरी." आणि त्या मान खाली घालून आत गेल्या.